लँड यॉटचं बक्कल बसून नाही, लटकून उघडून पाहा

तुमचा प्रश्न असा आहे: स्वतः बांधलेल्या तीनचाकी लँड यॉटमध्ये, म्हणजे वाऱ्यावर जमिनीवरून धावणाऱ्या शिडाच्या गाडीत, सध्या पाठपिशवीला असतो तसा प्लास्टिकच्या बकलाचा कमरपट्टा आहे. त्याच्या जागी मोटारीतला पट्टा बसवावा, शर्यतीच्या गाडीतला चार टोकांचा हार्नेस (कंबर आणि खांदे दोन्ही बांधणारा पट्ट्यांचा संच) घ्यावा, की पट्टाच नको आणि अपघातात बाहेर फेकलं गेलेलं बरं? गाडी उलटल्यावर चटकन सुटेल असं बक्कल कोणतं, हेही तुम्ही विचारलं आहे.

आधी निर्णय सांगतो, कारणं नंतर. ते प्लास्टिकचं बक्कल पुढच्या फेरीआधीच काढून टाका. छोट्या, उघड्या, नळ्यांच्या सांगाड्याच्या यॉटला ४६ ते ५० मिलिमीटर रुंदीचा पॉलिएस्टरचा कमरपट्टा आणि एकाच हालचालीत सुटणारं धातूचं बक्कल पुरेसं असतं. खांद्यांचे पट्टे तेव्हाच घाला, जेव्हा तुमच्या डोक्यापेक्षा उंच आणि खरोखर मजबूत असं काही गाडीवर आहे. काहीही घेतलंत तरी अंगाचा पूर्ण भार पट्ट्यावर असताना ते एका हाताने उघडतं का, हे पाहिल्याशिवाय वाळूवर उतरू नका. सीटवर आरामात बसून तर जगातलं प्रत्येक बक्कल उघडतं, त्या परीक्षेला काहीच अर्थ नाही.

हा मुद्दा मी इतका लावून धरतो, कारण लँड यॉटचा अपघात मोटारीच्या अपघातासारखा होत नाही. मोटार समोरून आदळते आणि थांबते. यॉटचं वाऱ्याकडचं चाक उचललं जातं, चालकाला शिडाची दोरी सोडायला क्षणभर उशीर होतो, आणि गाडी वारा वाहतो त्या बाजूला कलंडते. डोलकाठी आणि शीड जमिनीला टेकतात, त्यामुळे बहुतेक वेळा गाडी आडवी होऊन तिथेच थांबते. चालक त्या वेळी पट्ट्यात एका कुशीवर लोंबकळत असतो. एक खांदा जमिनीला लागलेला, हात दोरीत, पाय पेडलवर अडकलेले. इथवर सहसा काही मोडत नाही. खरा धोका पुढच्या मिनिटभरात असतो. जोरदार झुळूक आली तर पडलेलं शीड पुन्हा वारा धरतं आणि आडवी गाडी फरफटत जाते. समुद्रकिनारा असेल तर चालकाचा चेहरा भरतीने साचलेल्या वीतभर पाण्यात असू शकतो. मागून येणाऱ्या यॉटला ही आडवी गाडी दिसलेली असेलच असं नाही. डोलकाठी मोडली तर गाडी पूर्ण पालथी होते आणि माणूस खाली सापडतो. मोटारीत आग लागेल म्हणून लवकर सुटायचं असतं. इथे पाणी, फरफट आणि मागून येणारी चाकं यांच्यासाठी सुटायचं असतं, आणि तेही लटकलेल्या अवस्थेत.

आता थोडं गणित करू. ८० किलोचा माणूस पट्ट्यात लटकला तर साधारण ७८५ न्यूटनचा भार येतो. कमरपट्ट्याच्या दोन बाजू हा भार वाटून घेतात, म्हणजे बकलावर निदान चाळीस किलोची ओढ सतत असते. बाजू जितक्या तिरप्या, तितकी ओढ वाढते. उघडण्याची यंत्रणा या ओढीविरुद्ध चालली पाहिजे. समोरून आदळण्याचा हिशेब वेगळा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना पुढचं चाक खड्ड्यात रुतलं आणि तुम्ही दोन मीटरमध्ये थांबलात, तर शरीरावर सुमारे सातपट गुरुत्वाकर्षणाइतकी मंदी येते आणि पट्ट्यावर साधारण ५,५०० न्यूटनचा भार. तोच थांबा अर्ध्या मीटरमध्ये झाला तर आकडा २२,००० न्यूटनच्या पुढे जातो. मोटारींच्या पट्ट्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात पट्टीची किमान ताकद १४,७०० न्यूटन ठरवलेली आहे, तीही प्रत्येक पट्टीची. त्यामुळे मोटारीच्या दर्जाची पट्टी दोन्ही बाजूंनी नीट बांधलेली असेल तर या खेळातले बहुतेक धक्के ती सोसते. पिशवीचं बक्कल धक्क्याच्या या आकड्यांच्या जवळही जात नाही.

वेगाबद्दल गैरसमज नको. लँड यॉट वाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने सहज जाते. २००९ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या इव्हानपाच्या कोरड्या सरोवरावर रिचर्ड जेंकिन्स यांच्या ‘ग्रीनबर्ड’ने ताशी २०२.९ किलोमीटरचा विक्रम केला. तो डिसेंबर २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गेर्डनर सरोवरावर ग्लेन ॲशबी यांनी ‘होरोनुकू’ घेऊन ताशी २२२.४ किलोमीटरने मोडला. ती बंद कॉकपिटची खास यंत्रं आहेत. त्यांना जे शोभतं ते उघड्या सांगाड्यावर आणून लावू नका. पण तुमची छोटी गाडीसुद्धा चांगल्या वाऱ्यात मोपेडला मागे टाकेल, हे लक्षात ठेवूनच पट्टा निवडा.

आता बकलांकडे येतो. निवडीत सगळ्यात जास्त विचार इथेच करावा लागतो.

प्लास्टिकचं बाजूने चिमटून उघडायचं बक्कल वजनाखाली घट्ट होतं. त्याच्या दोन पाकळ्या घराच्या कडेवर घासून बसतात, आणि त्या आत दाबायला अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी लागतात. हातमोजा घालून, एका कुशीवर पडून, ओल्या वाळूत हे जमत नाही. पाकळीच्या मागे चार खडे अडकले तर ती आत जातच नाही. उन्हात राहून प्लास्टिक ठिसूळ होतं ते वेगळंच. थोडक्यात, धक्क्यात ते तुटतं आणि लटकल्यावर उघडत नाही.

दुसरा धोका लोकांना लवकर कळत नाही. गिर्यारोहण आणि दोरावरच्या कामासाठी मिळणारी धातूची, अतिशय मजबूत, दोन बाजूंच्या खटक्यांची बक्कलं दिसायला आदर्श वाटतात. त्यातली बरीचशी मुद्दाम अशी बनवलेली असतात की भार असताना ती उघडूच नयेत. कड्यावर लटकलेल्या माणसाचा जीव त्यानेच वाचतो. तुम्हाला मात्र नेमकं उलटं हवं आहे. दोन कड्यांतून पट्टी दुमडून घट्ट करायच्या पद्धतीलाही हेच लागू. भार असताना ती सैल करायला जोर आणि वेळ दोन्ही लागतात. त्यामुळे ‘किती किलोला तुटतं’ एवढंच विचारून बक्कल घेऊ नका, ‘किती किलो लटकत असताना उघडतं’ हेही विचारा.

मोटारीतलं बटण दाबायचं बक्कल वाईट नाही. मोटारींच्या पट्ट्यांच्या त्याच आंतरराष्ट्रीय नियमात असं सांगितलं आहे की धक्क्याच्या चाचणीनंतर, पट्ट्यावर ताण असतानाही, ते ६० न्यूटनपेक्षा कमी जोराने उघडलं पाहिजे आणि बटण लाल असलं पाहिजे. ६० न्यूटन म्हणजे सुमारे सहा किलोचा दाब, जो अंगठ्याने देता येतो. अडचण वाळूची आहे. त्याची स्प्रिंग आणि खटका बंद डबीत असतात. बारीक वाळू जिभेच्या फटीतून आत जाते आणि धुऊनही पूर्ण निघत नाही. काही दिवस ते अर्धवट बसल्याचा आवाज देतं, मग एक दिवस बसल्यासारखं वाटतं पण बसलेलं नसतं. कोरड्या, कडक, गवताळ किंवा डांबरी मैदानावर चालवणार असाल तर चालेल. किनाऱ्यावर मी ते वापरणार नाही. आणि वापरलंत तरी आपोआप गुंडाळणारं रीळ मात्र घेऊ नका. मोटारीतलं रीळ कलण्यावर आणि झटक्यावर अडकतं. १२ अंशांपर्यंतच्या कलाला ते अडकू नये आणि २७ अंशांच्या पुढे अडकलंच पाहिजे, अशी त्याची रचना असते. यॉट एक चाक उचलून दोन चाकांवर धावते तेव्हा हे कोन येत-जातच असतात. रीळ तिरपं बसवलं तर ते एकतर कायम अडकलेलं राहील, किंवा हवं तेव्हा अडकणार नाही. हाताने ओढून घट्ट करायचा स्थिर पट्टाच घ्या.

विमानातल्या प्रवाशांना असतं ते झाकण उचलून उघडायचं बक्कल कमरपट्ट्यासाठी मला सगळ्यात आवडतं. झाकण म्हणजे तरफच असते, त्यामुळे ओढ असतानाही ते सहज उचललं जातं. हातमोज्याची बोटं त्याखाली जातात. आतलं सगळं डोळ्यांनी दिसतं आणि साध्या पाण्याने धुतलं जातं. स्टेनलेस स्टीलचं मिळालं तर किनाऱ्यावरही टिकतं. त्याचा एकच दोष आहे, आणि तो लँड यॉटमध्ये गंभीर आहे: शिडाची दोरी मांडीवरून, पोटावरून सतत सरकत असते. ती झाकणाच्या कडेखाली शिरली आणि ओढली गेली तर पट्टा भर वेगात उघडेल. म्हणून बक्कल पोटाच्या मधोमध न ठेवता दोरी धरायच्या हाताच्या विरुद्ध बाजूच्या कुल्ह्याकडे थोडं सरकवा, झाकणाचं तोंड दोरी येते त्या दिशेकडे ठेवू नका, आणि दोरी नेहमी बकलाच्या पुढून जाईल अशी तिची कप्पी बसवा. सैल शर्टाची बाही किंवा जॅकेटची नाडीसुद्धा हेच काम करू शकते, ती आत खोचा.

चार-पाच टोकांच्या हार्नेससाठी दोन प्रकार मिळतात. एकात सगळ्या पट्ट्यांच्या पात्या एका गोल डबीत बसतात आणि वरची चकती थोडी फिरवली की सगळ्या एकदम सुटतात. घालायला तो फार सोपा, पण पात्यांच्या खाचांत वाळू बसली की चकती फिरते आणि एखादी पाती आतच राहते. दुसऱ्यात एका चपट्या जिभेवर बाकीच्या कड्या ओवतात आणि वरून तरफ बंद करतात. तरफ उचलली की सगळं सुटतं. हा दिसायला जुनाट आणि घालायला किचकट, कड्या ठरलेल्या क्रमानेच ओवाव्या लागतात. पण त्याला आतली पोकळी नाही, वाळू पडून जाते. मातीच्या धावपट्टीवर शर्यत करणारे मोटारवाले याच कारणाने याला धरून आहेत, आणि वाळूसाठी मीही हाच सुचवीन. तरफेला छोटी अडकवणी असते, ती बसल्याची खात्री दर वेळी बोटाने करा, कारण इथेही दोरीने तरफ उचलली जाण्याची भीती आहेच.

आता खांद्यांच्या पट्ट्यांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ओढा तिकडेच दिसतो. यॉटमध्ये आपण मोटारीसारखे ताठ बसत नाही, अर्धवट झोपतो, पाय पुढे. या स्थितीत कमरपट्टा चुकीच्या जागी असेल तर समोरच्या धक्क्यात कंबर त्याखालून पुढे निसटते आणि पट्टा पोटात रुततो. पोटात हाडांचं संरक्षण नसतं, आतड्यांना आणि मणक्याला इजा होते. म्हणून पट्टा नाभीवर नको, तो जांघेच्या वर, कुल्ह्यांच्या पुढच्या हाडांवर सपाट बसला पाहिजे. त्याची टोकं कंबरेच्या खाली आणि थोडी मागे बांधलेली हवीत, म्हणजे ओढ खाली-मागे जाते. खांद्यांचे पट्टे घट्ट केले की ते बक्कल वर ओढतात, म्हणजे नेमकी नको ती गोष्ट करतात. यावर उपाय मांड्यांमधला पाचवा पट्टा. झोपून बसायच्या गाडीत चार टोकांचा हार्नेस मला अपुरा वाटतो. तीव्र वेगासाठी पाच टोकं, नाहीतर सरळ दोन. खांद्यांचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जाताना साधारण खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली जावेत. ते थेट खाली वळवून सीटच्या तळाशी बांधले तर धक्क्यात पाठीचा कणा दाबला जातो.

आणि डोकं. नुसत्या कमरपट्ट्यात कलंडताना माणूस आपसूक अंग चोरतो, हनुवटी छातीला लावून सांगाड्याच्या आत वाकतो. खांदे बांधले की हे करता येत नाही. तुमच्या यॉटवर डोक्यापेक्षा उंच लोखंडी कमान नसेल आणि डोलकाठी मोडली, तर बांधलेल्या खांद्यांसह तुमचं हेल्मेटच गाडीचा सर्वांत उंच बिंदू ठरेल. डोलकाठी गाडीला पालथं होऊ देत नाही हे खरं, पण ती त्यासाठी बनवलेली नसते आणि सर्वांत आधी तीच मोडते. म्हणून कमान नाही तर खांद्यांचे पट्टे नाहीत, हा माझा नियम आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी कमानीवर करा.

बाहेर फेकलं गेलेलं बरं का? सांगाड्याच्या आत बसायची गाडी असेल तर नाही. नळ्या तुमच्या भोवती असतात, हातपाय आत ठेवले तर त्या जमीन झेलतात. अर्धवट बाहेर फेकला गेलेला माणूस त्याच नळ्यांखाली किंवा मागच्या आसाखाली सापडतो. लांबट, बंद नावेसारख्या कवचात पडून चालवायच्या काही वर्गांत वेगळी परंपरा आहे. तुम्ही शर्यतीत उतरणार असाल तर आपल्या वर्गाचा नियम वाचा आणि तोच पाळा. दोन ठिकाणी मात्र पट्टा अजिबात नको: उभं राहून चालवायच्या शिडाच्या फळीवर आणि पतंगाने ओढल्या जाणाऱ्या बग्गीत. मोठा पतंग माणसाला हवेत उचलू शकतो. बग्गी अंगाला बांधलेली असेल तर ती बरोबर वर जाते आणि खाली येताना अंगावर येते.

पट्टा कुठे बांधला आहे याकडे लोक फार कमी पाहतात. फायबरच्या सीटला भोक पाडून मोठा वॉशर लावला की झालं, असं समजू नका, धक्क्यात वॉशर फायबर फाडून बाहेर येतो. पट्टा गाडीच्या मुख्य सांगाड्यालाच बांधायचा. नळीला आरपार भोक पाडलं तर नळीच कमकुवत होते. त्याऐवजी वेल्ड केलेली जाड पट्टी लावा आणि ती पट्ट्याच्या ओढीच्या रेषेत वळलेली असू द्या, आडवी नको. मोटारीतल्या पट्ट्यांसाठी ७/१६ इंचाचा बारीक आट्यांचा खास बोल्ट असतो, शक्य असेल तर तोच घ्या. वेल्डिंग जमत नसेल तर पट्टी नळीभोवती गुंडाळून तीन दांड्यांच्या धातूच्या चौकटीतून ओवा आणि टोक पुन्हा उलटं परत ओवा. हे परतीचं ओवणं राहून गेलं तर भार आल्यावर पट्टी हळूहळू सरकते. गुंडाळलेली पट्टी नळीवर आडवी सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना अडथळा हवा, आणि जवळ एकही धारदार कड नको.

पट्टी पॉलिएस्टरचीच का? नायलॉन जास्त ताणलं जातं, पाणी शोषून आणखी ढिलं पडतं आणि उन्हात लवकर कुजतं. पॉलिएस्टर या तिन्ही बाबतींत बरं. तरीही खारं पाणी आणि ऊन त्यालाही खातं. वाळूचे कण धाग्यांत शिरून आतून धागे कापतात. दर वापरानंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा, सावलीत वाळवा, ब्लीच कधीही लावू नका. बकलात तेल घालायचा मोह टाळा, तेलावर वाळू चिकटते आणि त्याचा लगदा होतो. घालायचंच तर कोरडं टेफ्लॉनचं वंगण घाला. कोरड्या सरोवरांची क्षारयुक्त धूळ तर समुद्राइतकीच धातू खाते, तिथून आल्यावरही धुणं चुकवू नका. पट्टीची कड विसविशीत झाली, शिवण सुटली, रंग फार उडाला किंवा पट्टी कडक झाली, तर ती बदलायची. मोटारशर्यतीत एसएफआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या पट्ट्यांना साधारण दोन वर्षांची आणि एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या पट्ट्यांना पाच वर्षांची मुदत असते. मोठ्या धक्क्यात सापडलेला पट्टा मुदतीआधीच बाद धरायचा. दुसऱ्याने वापरलेला, इतिहास माहीत नसलेला हार्नेस स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

आता ती परीक्षा. शीड आणि डोलकाठी काढा. जाड गादी अंथरा. दोन मदतनीस असू द्या. पूर्ण पोशाखात, हेल्मेट आणि हातमोजे घालून बसा, पट्टा रोज करता तितका घट्ट करा, आणि मदतनिसांना गाडी एका कुशीवर आडवी करून धरायला सांगा. अंगाचा भार पट्ट्यावर आला की आधी खालचा हात जमिनीला टेकवा, हनुवटी छातीला लावा, आणि मगच दुसऱ्या हाताने बक्कल उघडा. हा क्रम महत्त्वाचा आहे, नाहीतर सुटल्याबरोबर माणूस मानेवर पडतो. मग दुसऱ्या कुशीवर, दुसऱ्या हाताने. मग डोळे मिटून. त्यानंतर बक्कल ओल्या वाळूत घोळवून हेच सगळं पुन्हा. पालथं करून पाहायचं असेल तर डोकं जमिनीपासून सुरक्षित उंचीवर राहील अशी गाडी भक्कम टेकवा आणि खांद्याखाली माणूस उभा करा. जे बक्कल दोनदा झटापट करूनच उघडतं ते बाद. तुमच्या बळकट हाताने उघडलं एवढ्यावर थांबू नका. घरातलं हलक्या अंगाचं माणूस किंवा मोठं मूल तीच गाडी चालवणार असेल तर त्यांनीही हे करून पाहिलं पाहिजे, त्यांच्या बोटांत तेवढा जोर आहे का ते तेव्हाच कळेल.

बक्कल कितीही चांगलं असलं तरी पट्टा कापायची सोय हवी. टोकाला आकडा आणि आत पातं असलेला सुरा घ्या, उघड्या टोकाचा नको, कारण लटकलेल्या अवस्थेत तो आधी मांडीत घुसेल. तो अशा जागी बसवा की दोन्हीपैकी कोणताही हात तिथे पोचेल. आडवं पडल्यावर एक हात बहुधा अंगाखाली असतो. याच सुऱ्याने शिडाची दोरीही कापता आली पाहिजे. फरफट चालू असेल तर पट्ट्याआधी दोरीच कापायची, गाडी थांबवायची आणि मग सुटायचं.

शेवटची तयारी दुसऱ्यांसाठी आहे. तुम्ही बेशुद्ध असाल तर बक्कल कोणीतरी अनोळखी माणूस उघडणार आहे. उघडायचा भाग लाल रंगाचा ठेवा आणि मैदानावरच्या सगळ्यांना तो एकदा हाताळायला द्या. त्यांना हेही सांगून ठेवा की आधी शीड मोकळं करायचं, मग गाडी धरायची, चालक शुद्धीवर असेल तर त्याला मान न हलवता बोलायला लावायचं, आणि मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा तो बेशुद्ध असेल तर, श्वास नीट चालू असताना आणि पाणी किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसताना, पट्टा उघडायची घाई करायची नाही. खांद्याला आणि डोक्याला आधार देऊन त्याच स्थितीत धरून ठेवायचं आणि वैद्यकीय मदत बोलवायची.